झाकलेलं कोंबडं

जव्हार हे शहर आहे, असं जव्हारात राहणाऱ्यांचं ठाम मत होतं. बाहेरच्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं. संस्थानची राजधानी म्हटल्यावर ते शहर असायलाच हवं, आणि शहर म्हटल्यावर शहराचे त्रासही हवेत. तेव्हा तेही एकेक करून जमवण्यात आले होते. विहिरीवर रांग होती आणि रांगेत भांडणं होती. गल्लीला गटार होतं, गटाराला उतार नव्हता. रस्त्यात बसणाऱ्या गाई कुणाच्या ते कुणालाच माहीत नसे, पण एखादीला काठी लागली की चार मालक धावून येत. कचेरीत काम घेऊन गेलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणत, आणि तो उद्या गेला की 'काल कुठे होतात' असं विचारत. लोक या सगळ्याबद्दल रोज कुरकुर करत, आणि ती करताना त्यांच्या तोंडावर जे समाधान दिसे ते खेड्यातल्या माणसाच्या नशिबी नव्हतं.

पुंजा खेड्यातला, साखरशेतचा. चार इयत्ता शिकला होता आणि त्या जोरावर दरबारच्या कचेरीत शिपाई लागला होता. गटाराचं किंवा गाईंचं त्याला काही वाटत नसे. त्याला अवघड गेला तो शेजार. साखरशेतला शेजारी म्हणजे हाक मारली तर ओ देईल इतक्या अंतरावरचा माणूस. जव्हारात शेजारी म्हणजे हाक न मारता ओ देणारा. पुंजाचं बिऱ्हाड कचेरीतल्या हेडकारकुनांच्या घरामागच्या पडवीत होतं आणि मध्ये नुसती कुडाची भिंत होती. हेडकारकुनांना सगळे रावसाहेब म्हणत. पुंजाला नोकरी त्यांनीच लावली होती, पडवीही त्यांचीच. त्यामुळे पुंजा पडवीत शिंकायचा तोही अदबीने.

त्याची बायको कमू गावात नवऱ्याला 'तू' म्हणायची. जव्हारातल्या बायका नवऱ्याला अहो-जाहो करतात हे कळल्यापासून ती अंगणात 'अहो' म्हणे आणि उंबरा ओलांडून आत आली की 'तू'. पुंजाला दोन्ही चालत. त्यांची आधीची दोन मुलं रांगायच्या आधीच गेली होती. आता तिसरी होती, नवशी. दीड वर्ष उलटून गेलं तरी ती अजून चालत नव्हती. भिंतीला धरून उभी राही, सगळीकडे बघे, जग चालण्यालायक नाही असं ठरवून खाली बसे.

आणि घरात एक कोंबडा होता. तो साधा कोंबडा नव्हता.

नवशी झाली तेव्हा पाचवीच्या दिवशी पुंजाची आई गोजाबाई हिने आपल्या कोंबडीखालचं एक पिल्लू उचललं, पोरीच्या अंगावरून उतरवलं आणि गावदेवाच्या नावाने सोडलं. साखरशेतला अशी रीत होती. ज्या घरातली पोरं जगत नाहीत त्या घरात पोरीबरोबर कोंबडा वाढवायचा. पोर आपल्या पायांनी चालत गावदेवापुढे जाऊन उभी राहिली की कोंबडा देवाला द्यायचा, मग पोर घरच्यांची.

"हा पोरीच्या वाटनीचा जीव," गोजाबाईने सुनेला बजावलं होतं. "मुंगसानं नेला, कोल्ह्यानं नेला, तर देवानं आपल्या हातानं घेतला म्हनायचं. दुसरा सोडता येतो. पन घरच्या हातानं मरू द्यायचा नाय. घरच्या हातानं गेला, तर देव म्हनंल, माजं मला दिलं नाय, आता मी पोर नेतो."

कमूने हे ऐकलं आणि कोंबडा पोरीसारखाच वाढवला. नवशीच्या ताटलीत उरलेली नाचणीची भाकरी त्याला. रात्री बांबूच्या डालग्याखाली तो, डालग्याशेजारी नवशी. पोर चालायला लागेपर्यंत कोंबडा सांभाळायचा, एवढंच काम होतं. अवघड काहीच नव्हतं. जव्हार शहर नसतं तर ते पारही पडलं असतं.

झालं असं की त्या फाल्गुनात गल्लीत दिवा आला.

रावसाहेबांनी तो मागून घेतला होता. पावसाळ्यात गटारात पाय जाऊन ते पडले होते, तेव्हापासून दिवाबत्ती कमिटीकडे त्यांचा अर्ज होता. कमिटीने दोन वर्षं विचार केला आणि दिवा मंजूर केला. खांब मात्र रावसाहेबांच्या दारात न रोवता मागच्या कोपऱ्यावर रोवला, कारण दारातली जमीन खडकाची निघाली आणि खणणाऱ्याला जेवायला जायचं होतं. म्हणजे गटार होतं तिथेच अंधारात राहिलं आणि उजेड पडला तो पुंजाच्या पडवीत.

दिव्याचं काम बाळ्याकडे होतं. तो तिन्हीसांजेला शिडी घेऊन येई, काच पुसे, रॉकेल घाली, दिवा लावी. चांदण्याच्या पंधरवड्यात दिवा लावायचा नाही, असा कमिटीचा ठराव होता. मग आभाळ कितीही भरून येवो, ठरावात चांदणं होतं म्हणजे होतं. पण अंधाऱ्या पंधरवड्यात बाळ्या मध्यरात्री आणखी एक फेरी मारी आणि काजळलेली वात झाडून वर करी. दिवा एकदम भडके. तो लख्ख उजेड कुडाच्या फटींतून डालग्यावर पडे आणि नवशीचा कोंबडा, कर्तव्याला चुकायचं नाही म्हणून, मान ताठ करून आरवे.

एकदा आरवून तो थांबत नसे. सूर्य वर येत नाही असं पाहून त्याला वाटे की आपलंच काही कमी पडतंय.

पहिल्या पंधरवड्यात गल्ली हसली. विहिरीवरच्या बायकांनी कमूला विचारलं, "काय गं, तुझ्याकडचा दिवस आमच्या आधी उगवतो का?" दुसऱ्या पंधरवड्यात कुणी हसलं नाही. बाळ्याने शिडीवरून सल्ला दिला, "पुंजा, काप त्याला. मला एक तंगडी दे, वातीचं मी बघतो."

"देवाचा हाय तो, बाळ्या."

"मग देवाकडं पाठव. इकडं कशाला ठेवलास?"

"पोरगी चालली पायजे आधी."

"आन् पोरगी कदी चालणार?"

कोंबडा साखरशेतला नेऊन ठेवावा म्हटलं तर पोर एकीकडे आणि तिच्या वाटणीचा जीव दुसरीकडे, असं चालत नसे. पोरीला आणि कमूला गावाला पाठवावं म्हटलं तर आपण गल्लीला कंटाळून बायको माहेरी-सासरी पाठवणारा शिपाई ठरू, असं पुंजाला वाटे. शिपायाचा पट्टा खांद्यावर आल्यापासून त्याला अशा गोष्टी वाटू लागल्या होत्या. त्याने बाळ्याला वात हळू वर करायला सांगितलं. बाळ्या म्हणाला, वात हळू किंवा जोरात असं कमिटीने काही ठरवलेलं नाही, तेव्हा ती कशी वर होईल हे वातीवर आहे.

रावसाहेब काहीच बोलत नव्हते, आणि पुंजाला तेच जड जात होतं. त्यांची बायको त्या हिवाळ्यात वारली होती. तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. रात्री उशिरापर्यंत ते कुडापलीकडे येरझाऱ्या घालत, मग कुठे डोळा लागे, आणि नेमकी तीच वेळ बाळ्याच्या फेरीची. कचेरीत ते बसल्या बसल्या पेंगू लागले. एकदा दरबारच्या कागदावर त्यांनी सही चालू केली ती ओळीच्या शेवटापर्यंत गेली.

पुंजाने डालग्यावर गोणपाट टाकलं. फरक पडला नाही. मग गोणपाटावर घोंगडी टाकली. कोंबडा घोंगडीतून आरवला. आवाज जरा दबला, पण त्यात आता तक्रारही मिसळली होती. कमू म्हणाली, "लई नको झाकू. आत गरमतं त्याला."

"गरमलं तर कोंबडं मरत नाय."

"तुला काय ठावं? तू कदी घोंगडीखाली निजलास वैशाखात?"

वैशाख लागला होता खरा. पठारावरचा वारा पडला होता. पडवीवर पत्रे होते, आणि ते दिवसभर जे ऊन पीत ते रात्रभर खाली सांडत.

एक दिवस संध्याकाळी रावसाहेब स्वतः पडवीपाशी आले. अंगात बारीक कणकण असावी. डोळे लाल होते. पुंजा धडपडून उठला. रावसाहेब रागावतील म्हणून त्याने मनात उत्तरंही जुळवली. पण ते रागावले नाहीत. दाराच्या चौकटीला हात धरून नुसतं म्हणाले, "पुंजा, आजची एक रात्र मला झोपू दे रे. एकच. उद्यापासून काय ते बघू."

हुकूम असता तर पुंजाने टाळला असता. हुकूम टाळायच्या शंभर वाटा त्याने कचेरीत पाहिल्या होत्या, त्यातल्या निम्म्या खुद्द रावसाहेबांकडून. पण विनवणी कशी टाळायची ते त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

त्या रात्री त्याने डालगं कोपऱ्यात ओढलं. गोणपाट टाकलं. एक घोंगडी टाकली, तिच्यावर दुसरी टाकली, आणि उजेडाला कुठूनही फट राहू नये म्हणून चारी कडा दगडांनी दाबल्या. कमू पोरीला निजवता निजवता झोपली होती. तिला उठवावं असं त्याच्या मनात आलं. पण ती नको म्हणाली असती, म्हणून त्याने उठवलं नाही.

बाळ्या आला असेल, वात वर केली असेल. गल्लीत कुणालाही कळलं नाही.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं शहाणी माणसं सांगत आली आहेत. ते खरं आहे. दुसऱ्या दिवशीही तांबडं फुटलं. म्हणीला काळजी असते ती तांबड्याची. घोंगडीखाली कोंबड्याचं काय झालं, याची चौकशी कुठल्या म्हणीने केलेली नाही.

कमूला जाग आली ती शांततेने. ती उठली, कोपऱ्यात गेली, दगड बाजूला केले. तिने एक घोंगडी काढली, दुसरी काढली, गोणपाट काढलं. मग डालगं उचलून तशीच बसून राहिली. पुंजाला तिची पाठ दिसत होती आणि त्या पाठीवरून सगळं समजत होतं.

"मी एकच रात..." तो म्हणाला.

कमूने गोणपाटाची घडी करून बाजूला ठेवली.

इतक्यात दारात रावसाहेब. डोळे निवळलेले, दाढी केलेली. कित्येक महिन्यांत ते असे दिसले नव्हते. "पुंजा," ते म्हणाले, "सकाळी उन्हं अंगावर आली तेव्हा उठलो बघ. तुझे उपकार झाले." एवढं बोलल्यावर त्यांना डालगं दिसलं, कमूच्या पुढ्यात पडलेला पिसांचा ढीग दिसला. मग म्हणाले, "अरेरे." आणि थोड्या वेळाने, "मी तुला दुसरा आणून देतो. याच्याहून चांगला. बाजारात आज येतील कुणी ना कुणी घेऊन."

माणूस वाईट नव्हता. दुपारी त्यांनी खरोखरच एक तांबडा, तुरेबाज कोंबडा पाठवून दिला. कमूने तो कुडाच्या पलीकडे रावसाहेबांच्या अंगणात सोडून दिला. मेलेला कोंबडा पुंजाने उताराच्या बाजूला नेऊन पुरला. येताना वाटेत बाळ्या भेटला. म्हणाला, "शेवटी कापलासच ना? आणि तंगडी?" पुंजा त्याच्याकडे बघून पुढे गेला. बाळ्याला वाटलं, शिपायांना हल्ली माज आलाय.

रात्री कमू बोलली. दिवसभर साठवून बोलली ते एवढंच: "मुंगूस सांग."

"काय?"

"आयसला जाऊन सांग, मुंगसानं नेला. मी पन तेच सांगन. आपल्या दोघांबिगर कुनाला ठावं हाय?"

पुंजाला हे पटलं. चार इयत्ता शिकल्यामुळे त्याला असंही वाटत होतं की कोंबड्याचा आणि पोरीच्या जिवाचा काही संबंध नसावा. मात्र हे वाटणं दिवसा उजेडी पक्कं असे आणि अंधारात ढिलं पडे. पावसाच्या आधी ते तिघं साखरशेतला गेले. गोजाबाई मडकं घासत होती. पुंजाने मुंगसाची हकीकत सांगितली. मुंगूस कुठून आलं, डालगं कसं कलतं झालं, कमू कशी ओरडली, सगळं. खोटं बोलताना माणूस तपशील फार देतो. गोजाबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घेतलं त्यानं आपल्या हातानं. बरं झालं." तिने दुसरं पिल्लू पोरीच्या अंगावरून उतरवलं आणि कमूच्या पदरात घातलं. कमूने ते घेतलं, सासूच्या तोंडाकडे न बघता.

पाऊस आला, लागला, ओसरला. जव्हारात गटार भरून वाहिलं आणि पुन्हा तुंबलं. पिल्लू वाढत होतं, आरवायच्या वयाचं नव्हतं. गल्ली झोपत होती. नवशी दोन पावलं टाकायची आणि कमू श्वास धरून बघायची, पण तिसऱ्या पावलाला पोर बसायची.

भाद्रपदात ताप आला. तो एकट्या नवशीला आला नव्हता. त्या दिवसांत ज्या घरात ताप नाही ते घर शोधावं लागलं असतं. एक दिवसाआड थंडी वाजून ताप भरायचा आणि घाम येऊन उतरायचा. रावसाहेबांनी कोयनेलच्या पुड्या आणून दिल्या. "मधात कालवून दे, कडू असतं. आणि मध्ये बंद करू नकोस. ताप नाही आला तरी देत राहा." पुंजाने एक पुडी स्वतः कालवून पोरीला दिली. पोरीने ती थुंकली. दुसरी दिली, ती थोडी गेली असावी.

ताप पुन्हा भरला त्या दुपारी कमूने पोर कडेवर घेतली, पिल्लू टोपलीत घातलं आणि अंगणात येऊन म्हणाली, "मी चालले साखरशेतला. तू येतोस तर ये."

अंगणात ती 'तू' म्हणाली. कुडापलीकडे रावसाहेब खोकले. पुंजाने रजा न मागता पट्टा खुंटीला अडकवला आणि पुड्या धोतराच्या कनवटीला खोचून तिच्यामागून निघाला.

घरात पाऊल टाकताच, बसायच्याही आधी, कमू सासूला म्हणाली, "मुंगूस नव्हतं, आयस."

गोजाबाईने सुनेकडे बघितलं नाही, लेकाकडे बघितलं. पुंजाने मान खाली घातली. त्याने आता एकही तपशील दिला नाही. म्हणाला, "मी झाकला. सायबाला झोप लागत नव्हती."

म्हातारी बराच वेळ पोरीच्या कपाळावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "सायबाला लागली का झोप?"

"लागली."

"बरं."

तिने शिव्या दिल्या असत्या तर पुंजाला हलकं वाटलं असतं.

उपाय होता. साखरशेतला तोही ठाऊक होता. देव ज्या पोरीवर हक्क सांगतो ती पोर घरात नाहीच असं करायचं. तिला सुपात घालून कचऱ्यासारखी दाराबाहेर ठेवायची. कुणीतरी वाटेने आल्यासारखं यायचं, मूठभर नाचणी टाकायची आणि ती उचलून न्यायची. देव येऊन बघतो तर घर रिकामं, मग तो जातो. एरवी पोर रात्रीपुरती शेजारी असते आणि सकाळी घरी येते. पुंजाला वाटलं, असंच करतील. त्याला जरा धीरही आला.

"नाय," गोजाबाई म्हणाली. "देवाला एकदा खोटं सांगून झालंय. आता खेळ केला तर तो बघत बसंल व्हय? द्यायची तर खरीच द्यायची. लांब. परत मागायची नाय, आपली म्हनायची नाय."

पुंजा म्हणाला, "आये, ताप सगळ्या जव्हारात हाय. औषध चालू हाय."

"तर मग दे औषध आन् ठेव पोर," गोजाबाई म्हणाली. तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. खरोखरच निवड त्याच्या हातात दिली. "तुझी पोर. तू शिकलेला. आधीची दोन माझ्या शब्दानं ठेवली, तरी गेली. आता तू सांग."

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. नवशीला थंडी भरली होती, दात वाजत होते. कनवटीला पुड्या होत्या. पुंजाने आपल्या आयुष्यात इतरांचे निर्णय एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवले होते. स्वतः कधी एकही दिला नव्हता. औषधावर त्याचा विश्वास होता. पण पोर डावाला लावण्याइतका आहे का, असं त्याने स्वतःला विचारलं, आणि खालमानेने म्हणाला, "फागीला बोलवा."

फागी कमूची थोरली बहीण. मोखाड्याकडे सूर्यमाळला दिलेली, पदरी मूल नाही. निरोप गेला आणि ती नवऱ्याला घेऊन रान तुडवत आली. सगळं ऐकून तिने डोळ्यांना पदर लावला. आत आनंद झाला असेल, झालाच असणार, पण तो तिने तोंडावर येऊ दिला नाही. तेवढे तिचे उपकार.

सूप दाराबाहेर ठेवलं. नवशी सुपात, घोंगडीच्या तुकड्यावर, ग्लानीत. फागी वाटेने आल्यासारखी आली.

"काय पडलंय हे?" तिने विचारलं.

"कचरा हाय," गोजाबाई दारातून म्हणाली. "नेतीस तर ने."

ही दोन वाक्यं ठरलेली होती, पिढ्यानपिढ्या बोललेली. कमू आत जात्यापाशी बसून होती, तिथे तिला ती ऐकू आली. फागीने उंबऱ्यावर मूठभर नाचणी टाकली, पोर उचलली, पाठीला बांधली. मागे वळून बघायचं नव्हतं, ती वळली नाही. पुंजा मात्र रीत मोडून नदीच्या उतारापर्यंत तिच्यामागे गेला आणि पुड्या तिच्या पदराला बांधून आला. "मधात कालवून," तो म्हणाला. "मधी बंद करू नको." फागी हो म्हणाली की नुसती चालत राहिली, ते त्याला कळलं नाही.

दसऱ्याच्या आधी निरोप आला: पोर बरी आहे. ताप गेला.

रावसाहेबांना पुंजाने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघ, कोयनेल म्हणजे कोयनेल. आता आण तिला परत. हे काय वेड्यासारखं." आणि ते बरोबरच होते. ताप औषधाने गेला असेल तर पोर परत आणायला काहीच हरकत नव्हती. फागीला एवढंच विचारायचं होतं, की पुड्या दिल्यास का. दिल्या असतील तर देवाचं काही देणं नव्हतं, पोर घरी. दिल्या नसतील, पदराला बांधल्या तशाच राहिल्या असतील, तर मात्र पोर जगली ती फागीला देऊन टाकल्यामुळेच, आणि मग तिला कधीच आणता येणार नाही.

पुंजाने विचारलं नाही. कमूनेही नाही. कचेरीत जाता-येता, पाणी भरता भरता, तो एक प्रश्न दोघांच्या तोंडाशी येई, आणि पुंजा गावाला गेला की एकमेकांकडे बघून ते तो गिळत. फागीने 'दिल्या' म्हटलं असतं, तरी पोर आणून पुढच्या भाद्रपदाची वाट बघायची छाती त्यांच्यात नव्हती. कमू साखरशेतलाच राहिली. पडवीत पुंजा एकटा होता. आरवायला लागलेला नवा कोंबडा कमूने गावदेवाला न देता तसाच सोडून दिला होता. तो आता कुणाच्याच नावाचा नव्हता.

चैत्रात पुंजा सूर्यमाळला गेला. कमूला चल म्हणाला तर ती म्हणाली, "तू जा. माज्या तोंडातून हाक निघंल."

सूर्यमाळला उन्हाळ्यात पाणी म्हणजे चेष्टा नव्हे. फागी पहाटे निघायची ती दरीतल्या झऱ्यावर वाटी वाटी भरून दुपारी एक हंडा घेऊन वर यायची. पुंजा पोचला तेव्हा ती नुकतीच आली होती. तिने त्याला घोंगडी अंथरून दिली, 'बस पाव्हना' म्हणाली, आणि आत बघून हाक मारली, "पोरी, पानी आन गं."

नवशी आतून आली. आपल्या पायांनी, कशालाही न धरता उंबरा ओलांडत. दोन्ही हातांत पितळी भांडं होतं आणि जीभ दातांत धरलेली, पाणी सांडू नये म्हणून. अंगणभर ती तशीच चालत आली. त्याच्यासमोर येऊन तिने भांडं पुढे केलं.

"कोन गं हा?" तिने मान वळवून फागीला विचारलं.

"जव्हारचा पाव्हना," फागी म्हणाली.

पोरीने पुंजाला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. पाहुणा तिला पसंत पडला किंवा पडला नाही, चेहऱ्यावरून काही कळलं नाही. भांडं परत न्यायचं म्हणून ती तिथेच उभी राहिली.

पुंजाने एक घोट घेतला. पाणी गढूळ होतं, थंड होतं. त्याने दुसरा घोट घेतला, अगदी लहान. भांडं रिकामं झालं की ती जाणार होती.

"पी रे समदं," फागी म्हणाली. "पाव्हन्यानं पानी ठेवू नाय. इथं तर नायच."

त्याने पाणी संपवलं. नवशीने भांडं घेतलं, उपडं करून एक थेंब जमिनीवर पडतो का ते बघितलं, आणि आत गेली.